५०० मेगावॉटचा संच दुपारी बंद ठेवून संध्याकाळी का लावत नाहीत?

प्रश्न असा आहे: दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हा चंद्रपूर किंवा खापरखेड्यासारख्या केंद्रांतले कोळशाचे संच (एक बॉयलर, एक टर्बाइन, एक जनरेटर मिळून एक संच) निम्म्या भारावर रेंगाळत ठेवण्यापेक्षा सरळ बंद का करत नाहीत? संध्याकाळी लागले की पुन्हा सुरू करावेत. आग तर तेलाने पाच मिनिटांत पेटते.

आग पाच मिनिटांत पेटते हे खरं आहे, पण वेळ आगीमुळे लागतच नाही. वेळ लागतो तो जाड लोखंड सगळीकडून सारखं तापायला. ५०० मेगावॉटच्या सबक्रिटिकल बॉयलरच्या ड्रमची (पाणी आणि वाफ वेगळं करणाऱ्या मोठ्या पिंपाची) भिंत सहा-सात इंच जाड असते. टर्बाइनचा एचपी (उच्च दाबाचा) रोटर म्हणजे घडीव पोलादाचा अखंड दांडा, आणि त्याच्याभोवतीचं केसिंगही तसंच जाड. चहाच्या टपरीवरचा जाड काचेचा ग्लास उकळत्या पाण्याने तडकतो आणि पातळ तग धरतो, तोच हिशोब इथे आहे. आतला थर तापून फुगू पाहतो, बाहेरचा अजून थंड असतो, आणि मधल्या ताणाने धातूचं आयुष्य खर्ची पडतं. ते एका दिवसात दिसत नाही. काही वर्षांनी ओव्हरहॉलमध्ये केसिंगला किंवा हेडरच्या (नळ्या जोडलेल्या जाड पाइपच्या) स्टबला चीर सापडते, तेव्हा हिशोब कळतो.

संच किती वेळ बंद होता यावरून स्टार्टचे तीन प्रकार धरतात. दहा तासांच्या आत पुन्हा लावला तर हॉट, दहा ते बहात्तर तासांत वॉर्म आणि त्यापुढे कोल्ड. लाइट-अपपासून (आग पेटवण्यापासून) पूर्ण भारापर्यंत सबक्रिटिकल ५०० ला कोल्ड स्टार्टमध्ये दहा-बारा तास सहज जातात. हॉट स्टार्ट सगळं सुरळीत असेल तर तीन-चार तासांत होतो. ‘सगळं सुरळीत’ या दोन शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. ते समजण्यासाठी कोल्ड स्टार्ट पायरीपायरीने पाहू.

आग लावण्याच्या बऱ्याच आधी काम सुरू झालेलं असतं. बंद संचाला स्वतःचीच यंत्रं फिरवायला स्टेशन ट्रान्सफॉर्मरमधून ग्रिडची २०-२५ मेगावॉट वीज घ्यावी लागते. कंडेन्सरच्या थंड पाण्याचे पंप, आयडी आणि एफडी फॅन (धूर ओढणारे आणि हवा ढकलणारे पंखे), मोटरवर चालणारा बॉयलर फीड पंप हे सगळे मोठे खाऊ. टर्बाइनला ल्यूब ऑइल, मग जॅकिंग ऑइल आणि मग बारिंग गिअर (शाफ्ट हळू फिरवणारी यंत्रणा). जॅकिंग ऑइलचा दाब शाफ्टला बेअरिंगवरून मिलिमीटरच्या काही शतांश भागाने उचलतो आणि बारिंग गिअर त्याला सावकाश फिरवत ठेवतं. उभा राहिलेला गरम रोटर स्वतःच्या वजनाने आणि वर-खालच्या तापमानातल्या फरकाने वाकतो. वाकलेला रोटर रोलिंगला (वाफेवर फिरवायला) घेतला की कंपनं वाढतात आणि सील घासतात. एक्सेन्ट्रिसिटी (शाफ्टचा वाकडेपणा) मर्यादेत येईपर्यंत पुढे जायचं नाही, मग कंट्रोल रूममध्ये कोणाचाही फोन येवो. जनरेटरच्या बाजूला सील ऑइल, हायड्रोजन आणि स्टेटर वॉटर यांचं जमवून घ्यायचं असतं. सील ऑइलचा दाब हायड्रोजनपेक्षा नेहमी जास्त हवा, नाहीतर हायड्रोजन बेअरिंगच्या बाजूने बाहेर पडतो आणि मग आगीशी गाठ.

बॉयलरमध्ये डीएम (क्षार काढलेलं) पाणी भरताना पाणी आणि ड्रमचा धातू यांच्या तापमानातला फरक ५० अंशांच्या आत ठेवतात. ड्रमच्या वरच्या आणि खालच्या भिंतीतल्या फरकालाही साधारण तीच मर्यादा. त्यानंतर एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेने हवा तापवणारं यंत्र), आयडी, एफडी आणि पर्ज. फर्नेसमधून ३० ते ४० टक्के हवा सलग पाच मिनिटं फिरवायची, म्हणजे कोपऱ्यात साठलेला वायू किंवा न जळलेला कोळशाचा भुगा निघून जाईल. पर्ज पूर्ण झाल्याशिवाय एकही ऑइल गन उघडत नाही, ती कुलूपबंद व्यवस्था आहे. अडचण अशी की पर्जच्या अटींची यादी लांबलचक असते. एखाद्या डॅम्परचा (हवेच्या झडपेचा) लिमिट स्विच चिकटला, डॅम्पर बंद असूनही बंद दाखवला नाही, की अर्धा तास खाली-वर पळण्यात जातो. अशा वेळी सिग्नल फोर्स करायचा, म्हणजे खोटाच ‘ठीक’ दाखवायचा, मोह होतो. दहापैकी नऊदा काही होत नाही, आणि म्हणूनच ती सवय घातक आहे.

मग लाइट-अप. आधी हलकं तेल, नंतर स्टीमने फवारलं जाणारं जड फर्नेस ऑइल. जड तेल गरम करून, साधारण ११० ते १२० अंशांवर पातळ करूनच गनपर्यंत आणावं लागतं. तापमान कमी पडलं तर थेंब जाड पडतात, अर्धवट जळतात, आणि ती काजळी-तेल मिश्रित राख थेट एअर प्रीहीटरच्या पत्र्यांवर जाऊन बसते. पुढे हवा गरम झाली की तिथेच आग लागते. त्यामुळे तेलावर संच असताना एअर प्रीहीटरचं सूट ब्लोइंग (काजळी उडवून लावणं) सतत चालू ठेवायचं आणि गॅस आऊटलेटच्या तापमानावर नजर ठेवायची. चिमणीतून पांढरट धूर दिसला तर तेल न जळता जातंय हे समजून गन बाहेर काढून टिप साफ करायची. या तासांत ईएसपीची (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रणेची) सगळी फील्ड लावत नाहीत, कारण तेलकट काजळी प्लेटांवर चिकटली की पुढे कोळशाची राखही नीट झडत नाही. संच लावताना गावातून चिमणीचा धूर काळपट दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

आता बॉयलर तापू लागतो, आणि आपल्याकडचे हे मोठे बॉयलर वरून टांगलेले असल्यामुळे तापताना खाली वाढतात. ५०० चा बॉयलर थंडपासून गरम होईपर्यंत तळाशी चांगला वीतभर खाली येतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक्स्पान्शनचे दर्शक बसवलेले असतात आणि ते पाहायला माणूस पाठवतात. एका कोपऱ्याचा काटा हलला नाही तर तिथे काहीतरी अडकलं आहे: राखेचा ढीग, दुरुस्तीत विसरलेली मचाणाची पाइप, चुकून वेल्ड केलेला ब्रॅकेट. तसंच रेटत नेलं तर एखाद्या ट्यूबचा जोड फाटतो.

या टप्प्यावर आग जपून वाढवायची, कारण रीहीटरमधून (टर्बाइनमधून परत आलेली वाफ पुन्हा तापवणाऱ्या नळ्यांतून) अजून पुरेशी वाफ जात नाही. आतून थंड करायला वाफ नाही आणि बाहेर जोरदार आग, म्हणजे ट्यूब भाजणार. म्हणून एचपी-एलपी बायपासमधून (टर्बाइन टाळून जाणाऱ्या वाटेने) वाफ फिरती होईपर्यंत फर्नेसमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान ५४० अंशांच्या आत ठेवतात. त्यासाठी एक प्रोब आत सरकवलेला असतो. ड्रमचं तापमानही मिनिटाला साधारण दोन अंशांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. थोडक्यात, आग हवी तेवढी मोठी करता येते, पण करायची नसते.

दरम्यान टर्बाइनच्या ग्रंथींना आधी सीलिंग स्टीम देऊन मग व्हॅक्यूम ओढतात. उलट केलं तर बाहेरची थंड हवा गरम शाफ्टवरून आत खेचली जाते. वाफेचा दाब चौरस सेंटीमीटरला ४० ते ५० किलो आणि तापमान ३५० अंशांच्या आसपास आलं की यंत्रं तयार असतात, पण रसायन विभाग हिरवा कंदील देईलच असं नाही. बंद काळात सर्किटमध्ये आलेली सिलिका वाफेबरोबर उडून टर्बाइनच्या ब्लेडवर जाऊन बसते. ड्रमचा दाब जितका जास्त तितकी ती जास्त उडते. मग ब्लोडाउन देत (ड्रममधलं थोडं पाणी बाहेर सोडत), दाब धरून, नमुन्यावर नमुना पाहत बसायचं. चांगल्या दुरुस्तीनंतरचा स्टार्टही इथे दोन-चार तास अडकू शकतो आणि डेस्कवरच्या इंजिनिअरच्या हातात त्याला काही उपाय नसतो.

रोलिंगचं सगळं गणित धातू आणि वाफ यांच्या तापमानातल्या नात्यावर चालतं. केडब्ल्यूयू (एक जर्मन कंपनी) पद्धतीच्या टर्बाइनमध्ये ‘एक्स क्रायटेरिया’ म्हणून वक्र ठरलेले आहेत. अमुक धातूला अमुक तापमानाची वाफ, तेवढी झाली तरच पुढचा व्हॉल्व उघडायचा. मिनिटाला ३६० फेऱ्यांवर टर्बाइन घेऊन सोकिंगला (सगळीकडून सारखं तापायला) ठेवतात. टीएसई, म्हणजे ताण मोजणारी यंत्रणा, पुरेसं मार्जिन दाखवू लागली की थेट ३००० फेऱ्या. मधल्या क्रिटिकल स्पीडवर (रोटर स्वतःहून थरथरतो त्या वेगावर) रेंगाळायचं नाही. तिथे कंपनं वाढतात हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कंपन वाढलं म्हणून मध्येच थांबून बघण्याची चूक होते. एक तर पार जा, नाहीतर ट्रिप (तडकाफडकी बंद) करून पुन्हा बारिंगवर आणा. रोटर केसिंगपेक्षा हलका, म्हणून तो आधी तापतो आणि आधी लांब होतो. हा फरक डिफरेन्शियल एक्स्पान्शनच्या मीटरवर दिसतो. तो मर्यादेजवळ आला तर वाफेचं तापमान धरून ठेवायचं आणि केसिंगला रोटरची बरोबरी करू द्यायची. दुसरा मार्ग नाही.

सिंक झाल्याबरोबर, म्हणजे जनरेटर ग्रिडला जोडल्याबरोबर, साधारण पाच टक्के, म्हणजे २५ मेगावॉट लोड लगेच घ्यायचा. शून्यावर घुटमळलात तर जनरेटर मोटर व्हायला लागतो आणि रिव्हर्स पॉवर रिले संच ग्रिडपासून तोडतो. एवढी मेहनत करून सिंकनंतर पहिल्याच मिनिटात ट्रिप होणं याइतकं जिवाला लागणारं दुसरं काही नाही.

लोक समजतात की सिंक झालं म्हणजे जिंकलं. खरे ट्रिप पुढे होतात, २५ ते ४० टक्के लोडच्या दरम्यान, कारण तिथे सगळी बदलाबदल एकदम येते. फीड कंट्रोल छोट्या व्हॉल्ववरून मोठ्यावर न्यायचा, मोटरच्या फीड पंपावरून वाफेवरच्या पंपांवर जायचं, बायपास बंद करायचा, एचपी हीटर घ्यायचे, मिल (कोळसा दळणारी यंत्रं) वाढवायच्या आणि तेल काढायचं. प्रत्येक बदलाचा धक्का ड्रमच्या पातळीला बसतो. ही पातळी फसवी असते. बायपास किंवा कंट्रोल व्हॉल्व झटकन उघडला की दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढलेली दिसते. नवखा ऑपरेटर घाबरून फीड कमी करतो. अर्ध्या मिनिटात बुडबुडे बसतात, पातळी धाडकन खाली येते, आणि आता पाणी खरोखरच कमी असतं. ‘ड्रम लेव्हल व्हेरी लो’वर बॉयलर ट्रिप. उपाय एकच: अशा वेळी लेव्हलच्या मीटरकडे न बघता वाफेचा प्रवाह आणि फीडचा प्रवाह जुळतात का ते बघायचं आणि हात आवरायचा. एका वेळी एकच बदल, तो स्थिर झाल्यावर दुसरा.

कोळसा घेताना पहिल्या मिलला शेजारच्या ऑइल गनचा आधार हवाच. ५०० च्या संचाला नऊ-दहा बाउल मिल असतात आणि पूर्ण भाराला त्यातल्या सात-आठ चालतात. भुग्याचा ७० टक्के भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेला पाहिजे आणि मिलमधून निघताना त्याचं तापमान ७५ ते ९० अंशांत हवं. पावसाळ्यात इथेच घोडं अडतं. ओला, चिकणमातीचा कोळसा आधी वॅगन टिपलरच्या हॉपरमध्ये चिकटतो, मग क्रशरमध्ये, मग बंकरच्या उतारावर. बंकर भरलेला दिसतो, पण फीडर रिकामा फिरत असतो. माणसं सळया घेऊन पोकिंग करतात. मिलमध्ये पोहोचलाच तर तो सुकवायला प्रायमरी एअर पुरत नाही, आऊटलेट तापमान पन्नाशीत येतं, ज्योत काळवंडते आणि फ्लेम स्कॅनरला दिसेनाशी होते. मग तेल काढण्याचा विचारच सोडावा लागतो. कोळशाची गंमत बाजूला ठेवली तरी त्याचा आवाका लक्षात घ्या. ३४०० किलोकॅलरीच्या आसपासचा कोळसा असेल तर एका युनिट विजेला सातशे ग्रॅमच्या वर लागतो, म्हणजे एका संचाला दिवसाला आठ हजार टनांहून जास्त, दोन मालगाड्यांहून अधिक. त्यातली ३५ ते ४० टक्के राख. राखेतल्या वाळूसारख्या कणांनी इकॉनॉमायझरच्या (फीडचं पाणी तापवणाऱ्या भागाच्या) ट्यूब घासल्या जातात, आणि गळती लागली की निसटणारी वाफ शेजारच्या चार ट्यूब कापते.

आता मूळ प्रश्नाकडे. रोज हॉट स्टार्ट करायचा, असं धरू. सकाळी नऊला लोड कमी करायला घेतला, संध्याकाळी सहाला पुन्हा पूर्ण लोड हवा. उतरायला तास, चढायला तीन-चार तास. प्रत्यक्ष बंद राहायला चार-पाच तासच उरतात. त्यात हॉट स्टार्टची एक खोच आहे. चांगलं लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण) असलेली टर्बाइन काही तासांनीही साडेचारशे अंशांच्या आसपास गरम असते, पण बॉयलर तेवढा गरम राहत नाही. शिवाय पर्जची थंड हवा त्यातून फिरवलेली असते. वाफ धातूपेक्षा गरम होईपर्यंत टर्बाइनला देता येत नाही, नाहीतर तापलेल्या रोटरवर तुलनेने थंड वाफ पडते, आणि हा धक्का कोल्ड स्टार्टपेक्षा वाईट. म्हणून तेल जाळत, बायपासमधून वाफ कंडेन्सरला फेकत थांबावं लागतं. ५०० च्या संचासाठी ग्रिड कोडमध्ये एका हॉट स्टार्टला ३० किलोलिटर, वॉर्मला ५० आणि कोल्डला ९० किलोलिटर तेल धरलेलं आहे. लिटरला साठ-सत्तर रुपये धरले तरी एका हॉट स्टार्टचे अठरा ते एकवीस लाख नुसते तेलाचे. आणि रोजच्या स्टार्टमध्ये एखादा डॅम्पर, एखादी गन, एखादा व्हॉल्व दगा देणारच. तो दिवस नेमका संध्याकाळच्या शिखर मागणीचा असला, तर ५०० मेगावॉट नाहीत म्हणून एसएलडीसीला (राज्य भारप्रेषण केंद्राला) कुठेतरी फीडर उघडावे, म्हणजे वीज तोडावी लागते.

म्हणून ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्राकडून दुपारी येणारी सूचना बहुधा ‘बंद करा’ अशी नसते, ‘टेक्निकल मिनिममवर (किमान भारावर) या’ अशी असते. ही पातळी सध्या ५५ टक्के, म्हणजे ५०० च्या संचाला २७५ मेगावॉट. ती फुकट नाही. एवढ्या खाली सबक्रिटिकल संचाचा हीट रेट (एका युनिट विजेला लागणारी उष्णता) सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो असं भरपाईच्या नियमातच मान्य केलेलं आहे. कमी लोडवर चार-पाच मिल चालतात. त्या लागोपाठच्या थरांतल्या घ्यायच्या, मध्ये रिकामा थर ठेवायचा नाही, कारण ज्योतीला शेजारचा आधार लागतो. रीहीटचं तापमान पडतं, ते बर्नर वर झुकवून सावरतात. प्रीहीटरच्या थंड टोकाला गंधकाच्या आम्लाचा धोका वाढतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी ही पातळी आणखी खाली, ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरवलं आहे. त्याबरोबर लोड बदलण्याचा वेगही ठरवून दिला: ७० ते १०० टक्क्यांत मिनिटाला ३ टक्के, ५५ ते ७० मध्ये २ टक्के, ४० ते ५५ मध्ये १ टक्का. कागदावर हे सोपं दिसतं. चांगल्या कोळशावर, स्कॅनर आणि कंट्रोल लूप नीट ट्यून केलेल्या संचावर ४० टक्के तेलाविना टिकू शकतात. जुलैतल्या ओल्या कोळशावर ते टिकवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझ्या मते खर्च आधी कोळसा एकसारखा देण्यावर आणि मोजमापावर व्हायला हवा. बॉयलर बदलण्याची वेळ त्यानंतरची. कोराडीच्या ६६० च्या सुपरक्रिटिकल संचांना ड्रम नाही, त्यामुळे जाड भिंतीची ती एक अडचण कमी होते. पण तिथे वॉटर वॉलमधून (फर्नेसच्या भिंतींतल्या नळ्यांतून) सुमारे ३० टक्के प्रवाह कायम राखावा लागतो आणि पाण्याच्या शुद्धतेत जराही सूट नसते.

संच खरोखर बंद ठेवायचाच असेल तर तो काही दिवसांसाठी ठेवतात. मागणी पडलेली असते, किंवा मेरिट ऑर्डरमध्ये (स्वस्त वीज आधी घेण्याच्या यादीत) त्या संचाचा दर वर असतो. त्याला रिझर्व शटडाउन म्हणतात. कधी कारण पाणी असतं. २०१५ मध्ये परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. अशा वेळी बॉयलर बॉक्स-अप करून (सगळीकडून बंद करून) दाब धरता येईल तेवढा धरतात. दाब गेल्यावर ड्रममध्ये हवा शिरून गंज धरू नये म्हणून नायट्रोजन भरतात. बारिंग एचपी केसिंग १०० अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबवत नाहीत, म्हणजे संच ‘बंद’ असतानाही चार-पाच दिवस शाफ्ट फिरतच असतो. हायड्रोजन आत असेपर्यंत सील ऑइलही चालूच असतं, आणि ल्यूब ऑइल व सील ऑइल या दोन पंपांच्या डीसी (बॅटरीवरच्या) बॅकअपची चाचणी प्रत्येक पाळीत लिहून ठेवावी लागते.